शून्य म्हणजे बंद

"मॅडम, हे पुस्तक तुमीच लिवलंय ना? मग वाचा की. मोठ्यानं वाचा, समद्यांना ऐकू जाऊ दे."

संतोषनं आमचं मॅन्युअल माझ्यापुढे धरलं होतं. आम्ही बेडसे गावाच्या अलीकडे एका पॉलिहाऊसमध्ये उभे होतो. दोन्ही बाजूंना गुलाबाच्या लांब ओळी. दारातून बघितलं तर हिरव्याच दिसत होत्या. जवळ गेल्यावर कळत होतं, पानांच्या कडा करपल्यात, शेंड्यांनी माना टाकल्यात आणि कळ्या न उमलताच सुकल्यात. फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाईनच्या बाजारासाठी छाटणी करून धरलेली फुलं होती ती. या भागातली पॉलिहाऊसं वर्षभर त्या एका बाजाराची वाट बघतात.

मी वाचलं. "सेन्सर साफ करण्यापूर्वी ॲसिड डोसची मर्यादा शून्य करावी. मर्यादा शून्य केल्यावर ॲसिड पंप बंद राहतो."

"मी काय केलं? शून्य केलं. आन् मंग सेन्सर काढला. सांगा आता, कुटं चुकलं माझं?"

माझ्या एका बाजूला आमच्या कंपनीचे मालक केदार सर होते, दुसऱ्या बाजूला पॉलिहाऊसचे मालक अण्णा. केदार सर म्हणाले, "सिस्टिमचा लॉग बघावा लागेल. कधी कधी माणसाला वाटतं शून्य टाकलं, पण बोट दुसऱ्या बटणावर पडलेलं असतं."

संतोष त्यांच्याकडे बघतच राहिला. तो तिथला सुपरवायझर होता. पॉलिहाऊस उभं राहिलं तेव्हा खड्डे खणायला आला होता, आणि शिकत शिकत सुपरवायझर झाला होता. कंट्रोलर बसवला तेव्हा ट्रेनिंग मीच दिलं होतं. मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवणारा, आमच्या सगळ्या ग्राहकांत बहुधा तो एकटाच असेल.

आमची कंपनी पॉलिहाऊससाठी पाणी आणि खत सोडणारे कंट्रोलर बनवायची. ऑफिस लोणावळ्यात, कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भाड्याच्या बंगल्यात. मी तळेगावहून जाऊन-येऊन करायचे. माझं काम टेक्निकल रायटरचं. म्हणजे इंजिनियर जे बनवतात ते कसं वापरायचं, हे वापरणाऱ्याला कळेल असं लिहायचं.

गुलाबाला किंचित आंबट पाणी लागतं. म्हणून ठिबकच्या पाण्यात कंट्रोलर थोडं थोडं ॲसिड सोडतो. पाणी किती आंबट झालंय ते एक सेन्सर सांगत राहतो. तो सेन्सर अधूनमधून काढून साफ करावा लागतो, आणि तेवढा वेळ ॲसिडचा पंप बंद ठेवावाच लागतो. कारण सेन्सर पाण्याबाहेर असला की कंट्रोलरला काहीतरी भलताच आकडा दिसतो आणि तो ॲसिड ओतत सुटतो. जास्तीत जास्त किती ओतायचं, त्याची मर्यादा आपण घालून द्यायची. कंट्रोलरच्या जुन्या व्हर्जनमध्ये तिथे शून्य टाकलं की पंप बंद व्हायचा. नव्या व्हर्जनमध्ये एका मोठ्या ग्राहकाच्या हट्टापायी शून्याचा अर्थ बदलला. शून्य म्हणजे "मर्यादाच नाही." पंप बंद करायला वेगळं बटण आलं.

हा बदल धोक्याचा आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ते पान नव्यानं लिहिलं होतं. वर लाल चौकटीत इशारा दिला होता. माझ्या कॉम्प्युटरवर ते पान बरोबर होतं. ट्रेनिंगनंतर संतोषच्या कंट्रोलरवर नवं व्हर्जन चढलं होतं, त्याच्या हातात मात्र जुनंच पान होतं. नव्या व्हर्जनच्या मॅन्युअलमध्ये, नवं मुखपृष्ठ आणि आत जुनं पान.

ऑफिसला परत आल्यावर मी तडक शिरीषकडे गेले. शिरीष आमचा सगळ्यात जुना इंजिनियर. आमचा डॉक्युमेंटेशन जनरेटर त्यानंच लिहिला होता. जनरेटर म्हणजे एक प्रोग्रॅम. इंजिनियर कोडमध्ये ज्या टिपा लिहून ठेवतात त्या तो उचलतो, माझा मजकूर त्यात मिसळतो, आणि सगळ्याचं मिळून छापायचं मॅन्युअल आणि वेबसाईट तयार करतो. कंपनी चार माणसांची होती तेव्हा ही फारच हुशारीची गोष्ट होती. मग ग्राहक वाढले, भाषा वाढल्या, व्हर्जन वाढली. शिरीष एकावर एक ठिगळं लावत गेला. शेवटी तो जनरेटर फक्त त्याच्या केबिनमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि फक्त त्यालाच कळायचा. तो सुट्टीवर गेला की मॅन्युअलही सुट्टीवर.

"माझं पान गेलं कुठे?" मी विचारलं.

त्यानं शोधलं. माझ्या लाल चौकटीतला एक कंस त्याच्या प्रोग्रॅमला पचला नव्हता. असं झालं की जनरेटर ते पान सोडून द्यायचा, आधीचं जुनं पान तिथे लावायचा आणि पुढे चालू लागायचा.

"वॉर्निंग आलेली आहे की," शिरीष स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "हे बघ."

वॉर्निंग होती. तिच्या वर वॉर्निंग होत्या, खाली वॉर्निंग होत्या. स्क्रीनमागून स्क्रीन भरून. मजकुराची रुंदी जास्त झाली, फॉन्ट सापडला नाही, मोकळी जागा उरली. दरवेळी एवढ्याच येत. "त्या येतातच, लक्ष देऊ नको," हे मला शिरीषनंच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

"शिरीष, हे बदलायला हवं. मी तीनदा तरी मागणी केलीय."

"टूलमध्ये दोष नाहीये. त्यानं सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही."

"गुलाब मेले तिकडे."

तो हळूच म्हणाला, "वैशाली, माझी किती वर्षं गेलीत यात, तुला माहितीये."

माहीत होतं. ते ऐकून मला त्याची कीव आली आणि रागही आला.

केदार सरांकडे मी सगळं मांडलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी उठून केबिनचं दार लावलं.

"जनरेटर बदला. लागेल तेवढा वेळ घ्या. शिरीष आड येणार नाही, मी बघतो."

"आणि संतोष?"

"अण्णांशी मी स्वतः बोललोय. त्यांना सगळी कल्पना आहे. त्या मुलाची काळजी तुम्ही करू नका." मग दारापर्यंत माझ्याबरोबर आले. "आणि एक. याबद्दल मेलवर काही लिहू नका. काय असेल ते तोंडी."

मी कामाला लागले.

नवी पद्धत मुद्दाम साधी ठेवली. मॅन्युअलचं प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल, कोणालाही वाचता येईल अशी. त्या फाइली एकापुढे एक जोडून मॅन्युअल बनवायला बाजारात फुकट मिळणारं एक टूल, आणि ते चालवायला एक छोटी स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला क्रमानं दिलेल्या सूचना. ती एका पानात मावत होती. तिच्यात मी एकच अट कडक ठेवली. एकही पान नीट तयार झालं नाही तर तिथेच थांबायचं. मॅन्युअल अजिबात बनवायचं नाही.

शिरीषनं मीटिंगमध्ये विरोध केला. त्याचा एक मुद्दा खरा होता. कोड आणि मॅन्युअल एकमेकांपासून तुटले, तर इंजिनियर कोड बदलतील आणि मला कळणारसुद्धा नाही. म्हणून माझ्या फाइली मी कोडच्या शेजारीच ठेवल्या. ज्यानं शून्याचा अर्थ बदलायचा, त्यानं शेजारची फाईलही बदलायची. नाही बदलली तर कोड तपासणारा त्याचं काम परत पाठवील. बाकी त्याचे मुद्दे सुंदर दिसण्याबद्दल होते. नव्या मॅन्युअलला आपोआप बदलणारे रंग नव्हते. क्लिक केल्यावर उघडणारी-मिटणारी अनुक्रमणिका नव्हती.

"हे शाळेच्या वहीसारखं दिसतंय," तो म्हणाला.

"दिसू दे," मी म्हटलं.

खरा धक्का जुनी पानं इकडे आणताना बसला. प्रत्येक पान मी छापलेल्या मॅन्युअलशी ताडून बघत होते. संतोषचं पान एकटं नव्हतं. कुठे खताच्या टाकीचा क्रम जुना राहिला होता, कुठे वीज गेल्यानंतरची सूचना. एका ठिकाणी तर कधीच काढून टाकलेल्या बटणाचं चित्र होतं. ग्राहक फोन करून विचारत की ते बटण कुठेय, आणि आमची सर्व्हिसची पोरं आपसांत हसत की लोकांना मॅन्युअल वाचता येत नाही.

केदार सरांना तोंडी सांगितलं. त्यांनी सर्व्हिसच्या पोरांकडून प्रत्येक ग्राहकाकडची प्रत बदलून घेतली. "नवीन डिझाईनचं मॅन्युअल" म्हणून. जुन्या प्रती आठवणीनं परत आणायला सांगितल्या.

ज्या दिवशी जुना जनरेटर बंद केला त्या दिवशी ऑफिसात केक आला. केदार सरांनी भाषण केलं. शिरीषच्या नेतृत्वाखाली आपण डॉक्युमेंटेशनचं नवं पर्व सुरू करतोय, असं म्हणाले. शिरीषनं माझ्याकडे न बघता केक कापला. त्याला ते श्रेय नको होतं, हे मला दिसत होतं. पण नको म्हणायला त्यानं तोंडही उघडलं नाही. मी केक खाल्ला. म्हटलं, मॅन्युअल तर सुधारलं.

बेडशाची प्रत मी सर्व्हिसच्या पोरांना नेऊ दिली नाही. स्वतः घेऊन गेले. संतोषच्या हातात द्यायची होती.

खुंटीपाशी दुसराच माणूस होता. नवा, बाहेरून आलेला. मी अण्णांच्या खोलीत गेले.

"संतोष कुठेय, अण्णा?"

"त्याला तर तेव्हाच काढला."

"पण चूक त्याची नव्हती. केदार सर तुमच्याशी बोलले ना?"

"बोलले की. त्याच आठवड्यात आले होते." अण्णांनी मला खुर्ची दाखवली, चहा सांगितला. त्यांच्या वागण्यात काही लपवाछपवी नव्हती. "तुमचं पुस्तक चुकलं, हे त्यांनी कबूल केलं. वरच्या अंगाला माझं दुसरं पॉलिहाऊस होतंय, त्याचे कंट्रोलर ते फुकट देणार. सर्व्हिस पण तेच बघणार. मी कुठे बोंब मारायची नाही, एवढंच."

"मग संतोषला का काढलंत?"

अण्णांना माझा प्रश्नच कळेना. मग त्यांनी मला लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. "अहो मॅडम, तो कामावर राहिला असता तर गावात, बाजारात लोकांनी विचारलं असतं ना, की चूक याची नव्हती तर कोणाची? मी काय सांगणार होतो? सरांना शब्द दिला होता."

चहा आला. मी तो न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी केदार सरांना विचारलं, "मला तुम्ही काळजी करू नका म्हणाला होतात."

"बरोबर. करू नका. दुसरीकडे लागला असेल तो."

"आपली चूक होती हे त्याला कोणी सांगितलं का?"

"वैशाली मॅडम, या बंगल्यात किती घरं चालतात बघा. ही बातमी फुटली असती तर एकेका ग्राहकानं कंट्रोलर परत पाठवले असते. एका माणसाची नोकरी आणि सगळ्यांची नोकरी, यात मी काय निवडायला हवं होतं?"

"त्याची नोकरी राहिली असती तरी आपली गेली नसती. नुसतं सांगायचं होतं."

"तुम्ही छान लिहिता," ते म्हणाले. "धंदा मला करू द्या."

संतोष उर्से गावाजवळ एका गोदामाच्या गेटवर सापडला. सिक्युरिटीचा गणवेश अंगात, खांद्यात सैल. आधी तो मला बघून उठला, मग पुन्हा बसला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मॅन्युअल चुकलं होतं. तुम्ही केलं ते बरोबर होतं. तुमच्या हातात आम्ही जुनं पान दिलं होतं.

एक ट्रक आला, संतोषनं नंबर लिहून घेतला, फाटक उघडलं, लावलं. मग येऊन बसला.

"म्हंजी मी शून्यच दाबलं व्हतं."

"हो."

"ताई, मला वाटाया लागलं व्हतं, माझंच काय तरी इपरीत झालं. समदेच म्हनायचे, तू दुसरं बटन दाबलं असशील. तुमचे सर पन म्हनले. मग मी आठवीत बसायचो. बोट कुटं ठेवलं, आकडा कुटला दिसला. इतकं आठवीलं की आता मला काय बी नीट आठवत न्हाई. शेवटी मीच बायकोला म्हनलो, असंल बाई, माझ्याच हातून झालं असंल."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी मागून काय व्हतंय." रागानं नाही, सरळच.

मग मी विचारलं, मी काय करू शकते? त्याला पुन्हा गुलाबाचंच काम हवं होतं. मी तिथूनच ओळखीच्या एका पॉलिहाऊसच्या मॅनेजरला फोन लावला. त्यांना सुपरवायझर हवा होता. नाव सांगितल्यावर ते थांबले. "अण्णांकडचा? मॅडम, त्यानं पूर्ण पीक जाळलं ना?" मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "असेलही. मग तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर तसं लिहून द्या. मालकांना दाखवायला काहीतरी हवं."

लेटरहेड मला मिळणार नव्हतं, हे न विचारताही कळत होतं. तरी विचारलं. केदार सर नुसतंच हसले. मी माझ्या नावानं लिहून दिलं. मॅनेजरांनी ते वाचलं आणि कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

संतोषला हे सांगायला परत गेले तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. येक काम करा. घरी चला. माझ्या बापाला सांगा येवढं. माझ्या तोंडून त्येला पटायचं न्हाई."

बेडशात त्यांचं घर गावात शिरल्या शिरल्या होतं. आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. संतोषनं माझी ओळख करून दिली, "पुस्तक लिवनाऱ्या ताई." आबांनी दोरी बाजूला ठेवली. मला पाणी दिलं. मी सगळं पुन्हा सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. जुनं पान, नवं पान, तुमच्या मुलानं सांगितलं तसंच केलं, चूक कंपनीची.

"अण्णाला म्हाईत हाय का ह्ये?" आबांनी विचारलं.

"आहे."

"कवापासनं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

आबांनी संतोषकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी गेलतो त्येच्याकडं. म्हयना झाला असंल तवा. पाया पडलो. म्हनलं, पोराची चूक झाली, पदरात घे, पुन्यांदा कामाला लाव. त्यो म्हनला, आबा, चूक लय मोठी हाय, मला न्हाई जमायचं." ते थांबले. "म्हंजी मी उगाच पाया पडलो व्हय?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी राजीनामा दिला. केदार सरांनी तो लगेच घेतला आणि निरोपाच्या कार्यक्रमात माझं कौतुकही केलं. शिरीष जिन्यापर्यंत आला. म्हणाला, "तुझी स्क्रिप्ट चांगली आहे." आता ती तोच सांभाळतो. अण्णांचं वरच्या अंगाचं पॉलिहाऊस सुरू झालंय आणि आमचेच, म्हणजे आता केदार सरांचे, कंट्रोलर तिथे नीट चालतात. संतोष अजून गेटवर आहे.

मी आता तळेगावात घरून दोन-तीन कंपन्यांची मॅन्युअल लिहिते. नवी कंपनी विचारते, टूल कुठलं वापरायचं? मी सांगते, साधं वापरा, आणि चूक झाली की थांबणारं वापरा. मग मीही एक विचारते. मॅन्युअल चुकलं आणि कोणाचं नुकसान झालं, तर ते त्याला कोण सांगणार? हे आधी ठरवून लेखी द्या म्हणते. बहुतेक जण म्हणतात, ते आपण नंतर बघू. तिथलं काम मी घेत नाही.